पक्षी गेला, जंगल राखले : टेन्सॉ नदी अभयारण्याची कथा

'सिंगर' हे नाव मराठी घरांत शिलाई यंत्रामुळे परिचित आहे. याच कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या ईशान्य भागात सुमारे ८० हजार एकर जंगल विकत घेतले होते. यंत्रांच्या टेबलांना व पेट्यांना लागणाऱ्या लाकडाची तजवीज करणे हा त्यामागील हेतू होता. 'सिंगर ट्रॅक्ट' या नावाने ओळखले जाणारे हे वन पुढे अमेरिकी वन्यजीव संरक्षणाच्या इतिहासातील एका मोठ्या अपयशाचे आणि उशिरा आलेल्या शहाणपणाचे प्रतीक ठरले. आज त्याच परिसरात टेन्सॉ नदी राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य आहे.

पुरावर जगणारे जंगल

मिसिसिपी नदीच्या खालच्या खोऱ्यात एके काळी सुमारे २.४ कोटी एकरांवर सखल भागातील जंगल पसरले होते. हिवाळा व वसंत ऋतूत नद्या पात्र सोडून पसरत, गाळ टाकत आणि काही आठवड्यांनी ओसरत. ओक, स्वीटगम, अ‍ॅश, एल्म हे वृक्ष अशा पुराला सरावलेले असतात, तर कायम पाणी साचणाऱ्या दलदलीत सायप्रस व ट्युपेलो वाढतात. जमिनीच्या उंचीत हातभर फरक पडला तरी वृक्षांच्या जाती बदलतात. हे जंगल पुराचे पाणी तोलून धरते, गाळ अडवते आणि स्थलांतर करून येणाऱ्या बदकांना ओकच्या फळांचे खाद्य पुरवते.

१९२७ च्या महापुरानंतर बांधांचे व निचऱ्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आले. त्यामुळे सखल जमीन शेतीयोग्य झाली. १९६० व १९७० च्या दशकांत सोयाबीनला चांगला भाव मिळू लागल्यावर जंगलतोडीचा वेग आणखी वाढला. मूळ वनापैकी आज जेमतेम पाव भाग उरला असून तोही तुकड्यातुकड्यांत विभागलेला आहे.

शेवटचा सुतारपक्षी

सिंगर ट्रॅक्टची ख्याती झाली ती हस्तिदंती चोचीच्या सुतारपक्ष्यामुळे. अमेरिकेतील हा सर्वांत मोठा सुतारपक्षी नामशेष झाल्याचा समज पसरत असताना १९३२ मध्ये मेसन स्पेन्सर या वकिलाने या जंगलात एक पक्षी टिपून त्याचे अस्तित्व सिद्ध केले. १९३५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या आर्थर अ‍ॅलन यांच्या पथकाने त्याचे चित्रण व ध्वनिमुद्रण केले. त्यानंतर जेम्स टॅनर यांनी तीन वर्षे अभ्यास केला. हा पक्षी नुकत्याच वाळलेल्या मोठ्या झाडांच्या सालीखालील अळ्यांवर जगतो आणि उत्तम जंगलातही एका जोडीला सुमारे १५ चौरस किलोमीटर क्षेत्र लागते, असा त्यांचा निष्कर्ष होता. संपूर्ण देशात दोन डझनांच्या आसपासच पक्षी उरले असावेत, असा त्यांचा अंदाज होता.

दरम्यान वृक्षतोडीचे हक्क शिकागो मिल अँड लंबर कंपनीकडे गेले होते. नॅशनल ऑड्युबॉन सोसायटीचे जॉन बेकर यांनी हे वन वाचविण्यासाठी मोहीम उघडली. लुइझियानासह चार राज्यांच्या गव्हर्नरांनी तिला पाठिंबा दिला आणि लुइझियानाचे गव्हर्नर सॅम जोन्स यांनी दोन लाख डॉलरची तयारी दर्शविली. मात्र १९४३ च्या अखेरीस झालेल्या वाटाघाटी फिसकटल्या. युद्धकाळात लाकडाला मागणी होती. तोडीच्या कामावर जर्मन युद्धकैदीही राबत होते. १९४४ मध्ये चित्रकार डॉन एकलबेरी यांनी उरलेल्या एकाकी मादीची चित्रे काढली. अमेरिकेतील या पक्ष्याची सर्वमान्य अशी ती शेवटची नोंद होय.

कायद्याचे संरक्षण

उरलेल्या वनासाठी अमेरिकी काँग्रेसने १९८० मध्ये कायदा केला आणि टेन्सॉ नदी अभयारण्य स्थापन झाले. मिसिसिपी खोऱ्यातील खासगी मालकीच्या सखल जंगलाचा एक सर्वांत मोठा सलग पट्टा त्यामुळे शेतीखाली जाण्यापासून बचावला. टप्प्याटप्प्याने जमीन मिळवत त्याचे क्षेत्र सुमारे ८० हजार एकरांपर्यंत पोहोचले. साफ झालेल्या शेतजमिनींवर ओक व अन्य स्थानिक वृक्षांची पुन्हा लागवड करण्यात आली. येथे शिकार व मासेमारीस पूर्ण मज्जाव नाही; ठरावीक हंगामात व नियमांच्या चौकटीत ती चालते.

त्याचा सर्वाधिक लाभ झाला लुइझियानाच्या काळ्या अस्वलाला. याच टेन्सॉ परिसरात १९०७ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट अस्वलाच्या शिकारीला आले होते. पुढे अधिवास आटत गेल्याने १९९२ मध्ये या अस्वलाचा समावेश संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत करावा लागला. पूरप्रवण भागात अस्वलाची मादी जुन्या सायप्रसच्या उंच ढोलीत पिल्ले वाढवते. म्हणजे मोठी झाडे राहिली तरच अस्वल राहते. या शतकाच्या पहिल्या दशकात येथील माद्या पिल्लांसह अन्यत्र हलवून नवी वसाहत उभारण्यात आली आणि २०१६ मध्ये अस्वलाचे नाव यादीतून वगळण्यात आले.

सुतारपक्ष्याच्या बाबतीत मात्र असे घडले नाही. अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने २०२१ मध्ये तो नामशेष जाहीर करण्याचा प्रस्ताव मांडला. २०२३ मध्ये अन्य २१ जातींबाबत निर्णय झाला, तेव्हा या पक्ष्याचा निर्णय राखून ठेवण्यात आला. १९४३ ची फसलेली वाटाघाट आणि १९८० चा कायदा यांत ३७ वर्षांचे अंतर आहे. तेवढ्या विलंबानंतरही अस्वल वाचू शकले. ज्याच्यासाठी मूळ लढा उभा राहिला, त्या पक्ष्याला मात्र तो विलंब परवडला नाही.