बेताची थैली आणि चित्रसंकलनाचें यंत्र

सन १९१२ च्या आरंभीं धुंडिराज गोविंद फाळके मुंबईहून लंडनला निघाले, तेव्हां त्यांच्या गांठीं भांडवल म्हणावें असें फारसें कांहीं नव्हतें. आयुष्याचा विमा गहाण टाकून त्यांनीं प्रवासाची व खरेदीची तजवीज केली होती. लंडनच्या बाजारांत चित्रपटाचीं नानाविध यंत्रें मिळत होतीं. पैसा मात्र मोजका. 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक केबर्न यांचा सल्ला घेऊन फाळक्यांनीं विल्यमसन बनावटीचा कॅमेरा पसंत केला, आणि कोऱ्या फितीच्या कडांना भोकें पाडण्याचें यंत्रहि मिळविलें. पुढें दादरच्या घरीं सरस्वतीबाई अंधाऱ्या खोलींत बसून फितीला भोकें पाडीत. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. थैलींतला पैसा यंत्रांत गेला. उरलेली उणीव घरच्या माणसांच्या कष्टांनीं भरून काढली.

थैली बेताची आणि काम मोठें, अशा वेळीं पैसा नेमका कोठें घालावा, हा जो प्रश्न फाळक्यांपुढें होता, तोच आज निराळ्या वेषांत घरोघर येऊन उभा आहे. लग्नसमारंभाचें चित्रण करणारा तरुण, नाट्यप्रयोग टिपून ठेवणारी हौशी मंडळी, गांवच्या जत्रेवर माहितीपट करूं पाहणारी विद्यार्थिनी, या सर्वांना चित्रसंकलनास पुरेसा असा बळकट संगणक हवा असतो, आणि तो खिशाला परवडणाराहि हवा असतो. दुकानदार एक आंकडा सांगतो, मित्र दुसरा सांगतो, आणि घेणाराची मति गुंग होते. या आंकड्यांच्या रानांतून वाट काढावयाची तर संकलनाच्या यंत्रांचा इतिहास हा बरा वाटाड्या आहे.

संकलन म्हणजे मुळांत कात्री आणि चिकट द्रव. टिपलेल्या फितींतून हवा तो तुकडा कापावा, दुसऱ्या तुकड्यास जोडावा, आणि दोहोंच्या मिलाफांतून अर्थ निर्माण करावा. १९२४ सालीं इवान सेरूरिए याच्या 'मूव्हिओला' यंत्रानें कापतां कापतां चित्र चालवून पाहण्याची सोय झाली, आणि पुढें अर्धशतकाहून अधिक काळ हॉलिवुडच्या संकलकाचा तो जिवलग सोबती झाला. या काळांत यंत्राच्या बळाचा प्रश्नच नव्हता. फितीचा प्रत्येक तुकडा हातांत घेतां येई, डोळ्यांना दिसे, आणि हवा तेथें जोडतां येई.

ही सोपी स्थिति पालटली ती चुंबकीय फितीनें. १९५६ सालीं अमेरिकेच्या अँपेक्स कंपनीनें चित्र टिपणारें यंत्र लोकांपुढें ठेवलें. फीत दोन इंच रुंद, आणि यंत्राची किंमत पन्नास हजार डॉलर. या फितीवर चित्र होतें, पण तें डोळ्यांना दिसत नव्हतें! लोहाचा सूक्ष्म चूर्ण असलेला द्रव लावून चुंबकीय रेषा उमटवावयाच्या, सूक्ष्मदर्शकाखालीं त्या पाहावयाच्या, आणि मग पातें चालवावयाचें, असा तो द्राविडी प्राणायाम असे. पुढें एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नक्कल करीत संकलन होऊं लागलें. परंतु मधलाच एखादा तुकडा बदलावयाचा तर पुढचें सारें पुन्हां उतरवून घ्यावें लागे. कात्रीनें दिलेलें स्वातंत्र्य फितीनें हिरावून घेतलें.

तें परत मिळविण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९७१ सालचा. सी. बी. एस. आणि मेमोरेक्स या दोन कंपन्यांनीं मिळून 'सी. एम. एक्स. ६००' हें यंत्र उभारलें. चित्रें तबकड्यांवर सांठविलेलीं असत आणि हवें तें चित्र एका क्षणांत समोर येई. परंतु किंमत सुमारे अडीच लक्ष डॉलर, चित्र कृष्णधवल, आणि सांठवण जेमतेम अर्ध्या तासाची. कल्पना खरी होती. काळ मात्र तिच्यासाठीं तयार नव्हता. १९८९ सालीं बिल वॉर्नर याच्या ॲव्हिड कंपनीनें ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकावर तीच कल्पना अधिक सुटसुटीत रूपानें बसविली. तरीहि सर्व सरंजामाचा खर्च हजारों डॉलरांच्या घरांत जाई, आणि तो सामान्य गृहस्थाच्या आवांक्याबाहेरच राही.

संगणकाला हें काम इतकें जड कां जावें? साध्या गणितानें तें उमगतें. भारतांत रूढ असलेल्या जुन्या दूरदर्शनपद्धतीचें एक चित्र म्हणजे आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके. अशीं २५ चित्रें एका सेकंदांत यावयाचीं. न आवळतां तीं सांठविलीं तर सेकंदास सुमारे २१ मेगाबाइट आणि तासास सुमारे ७५ गिगाबाइट जागा लागते. १९८९ च्या सुमारास घरगुती संगणकाच्या तबकडींत चाळीसएक मेगाबाइट मावत. म्हणजे अवघे दोन सेकंद! चित्रें आवळून लहान केल्यावांचून गत्यंतर नव्हतें.

यापुढील इतिहास म्हणजे चिंचोळ्या जागा एकामागून एक मोकळ्या होत गेल्याचा इतिहास आहे. विहिरीवर चार बैलांची मोट जोडली, तरी पाट अरुंद असला म्हणजे मळ्याला पाणी पाटाइतकेंच मिळतें. संगणकाचेंहि तसेंच. १९९० च्या अखेरीस अमेरिकेंतील टोपीका गांवच्या न्यूटेक कंपनीनें अमिगा नांवाच्या स्वस्त संगणकांत बसणारें 'व्हिडिओ टोस्टर' हें कार्ड १,५९५ डॉलरांस विकावयास काढलें. दृश्यें मिसळणें, अक्षरें उमटविणें, आकृति घडविणें हीं केंद्रांतील महाग यंत्रांचीं कामें तें टेबलावर करी. १९९३ सालीं आलेल्या 'बॅबिलॉन ५' च्या पहिल्या भागांतील आकाशयानें अशाच अमिगा संगणकांवर घडविलीं गेलीं. १९९५ सालीं 'डी. व्ही.' पद्धतीचे कॅमेरे निघाले. ते चित्र टिपतांनाच आवळीत, आणि एका तासाचें चित्रण सुमारे तेरा गिगाबाइटांत मावूं लागलें. कॅमेऱ्यांतून एक तार काढून ती थेट संगणकांत खोंचतां येऊं लागली. १९९९ सालीं ॲपलनें 'फायनल कट प्रो' ही संकलनाची आज्ञावली ९९९ डॉलरांस आणली, आणि कात्री पुन्हां एकदां घरांत आली.

परंतु घरगुती यंत्रावर खरें मोठें काम निभावेल काय, ही शंका लोकांच्या मनांत होतीच. ती फेडणारा माणूस म्हणजे वॉल्टर मर्च. 'द इंग्लिश पेशंट' या चित्रपटाचें संकलन त्यानें आरंभीं फितीवर केलें आणि मध्येंच तें ॲव्हिडवर नेलें. १९९७ सालीं त्यास संकलनाचें ऑस्कर पारितोषिक मिळालें; संगणकावर संकलित झालेल्या चित्रपटास तें मिळण्याची ती पहिली वेळ. २००२ सालीं 'कोल्ड माउंटन' चें काम हातीं आलें, तेव्हां त्यानें आणखी एक धाडस केलें. दुकानांत कोणालाहि मिळणारीं पॉवर मॅक जी-४ यंत्रें आणि ती ९९९ डॉलरांची आज्ञावली घेऊन तो रुमानियास गेला.

या निर्मितीला पैशांची ददात नव्हती. मग स्वस्त यंत्र कां? मर्चचा हिशेब निराळा होता. चित्रपटासाठीं सुमारे सहा लक्ष फूट फीत टिपली गेली. म्हणजे शंभर तासांहून अधिक चित्रण. पूर्ण झालेला चित्रपट अडीच तासांचा. चाळीस फुटांतून एक फूट ठेवावयाचा! अशा कामांत वेळ जातो तो एका यंत्राच्या मंद गतीमुळें नव्हे, तर एक माणूस यंत्रावर बसला असतां बाकीच्यांना हात बांधून उभें राहावें लागतें म्हणून. एका महाग व्यवस्थेच्या मोलांत अनेक स्थानकें मिळालीं, तर साहाय्यकांनाहि एकाच वेळीं काम करतां येतें. चिंचोळी जागा कोठें आहे हें त्यानें आधीं पाहिलें आणि पैसा तेथें घातला. धोकेहि होते. मूळ फितीच्या कडेवरील क्रमांक अचूक जुळले पाहिजेत, ध्वनिविभागाकडे बदलांच्या याद्या बिनचूक गेल्या पाहिजेत. आणि या बाबतींत ती आज्ञावली तेव्हां कच्ची होती. म्हणून लॉस एंजेलिसच्या 'डिजिटलफिल्म ट्री' या संस्थेच्या साह्यानें आधीं परीक्षा करून घेतल्या, आणि मगच पाऊल टाकलें. संगणकावर काम चाले तें फितीच्या आवळलेल्या, हलक्या प्रतीवर. शेवटीं तें मूळ फितीशीं जुळविलें जाई. चित्रपट डिसेंबर २००३ मध्यें प्रदर्शित झाला आणि संकलनाच्या ऑस्करसाठीं त्याचें नामांकन झालें.

येथें गोष्ट संपावी, पण यंत्रांच्या इतिहासाला विश्रांति ठाऊक नाहीं. पुढच्या वर्षांत चित्रांतील ठिपके कैक पटींनीं वाढले आणि आवळण्याची रीतिहि बदलली. २००३ सालीं ठरलेल्या 'एच. २६४' पद्धतींत प्रत्येक चित्र संपूर्ण सांठवीत नाहींत. शेजारच्या चित्रांहून जो फरक असेल तेवढाच बहुधा नोंदतात. फाइल लहान होते. पण मधलें एक चित्र पाहावयाचें तर संगणकाला आसपासचीं अनेक चित्रें उलगडावीं लागतात. तबकडीचा भार हलका झाला आणि तो प्रोसेसरच्या माथीं आला. चिंचोळी जागा नाहींशी झाली नाहीं, ती सरकली.

हें ज्यांच्या ध्यानांत आलें नाहीं त्यांनीं पैसा भलत्या ठिकाणीं ओतला. २०१० सालीं अडोबीच्या 'प्रीमियर प्रो' ची जी आवृत्ति निघाली, तिच्यांत एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाकडून काम करवून घेण्याची सोय होती. मान्य कार्डांची यादी लहान, आणि तींतील बरींचशीं कार्डें महाग. मौज अशी कीं, ती यादी एका साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेली होती! चाणाक्ष लोकांनीं तींत आपल्या स्वस्त कार्डाचें नांव घातलें, आणि कार्डावर स्मृति पुरेशी असली तर तें निमूटपणें कामास लागलें. पुढें कंपनीनेंहि ती अट काढून टाकली. परंतु हें कार्ड रंग सुधारण्याचें, चित्र लहानमोठें करण्याचें, दृश्यें मिसळण्याचें गणित करी. आवळलेलें चित्र उलगडण्याचें काम त्या वेळीं प्रोसेसरकडेच होतें. सारी थैली कार्डावर रिकामी करणाराचा संगणक म्हणून अडखळतच राहिला. २०११ सालीं इंटेलनें मध्यम किमतीच्या प्रोसेसरांत उलगडण्याचें एक स्वतंत्र मंडल घातलें; त्याच कंपनीच्या पुष्कळशा अतिमहाग प्रोसेसरांत तें नव्हतें. संकलनाच्या आज्ञावल्या त्याचा उपयोग करूं लागल्यावर या एका कामांत मध्यम यंत्र श्रीमंत यंत्राच्या पुढें गेलें.

किमतींचे बुरूजहि ढांसळत गेले. चित्रपटाचे रंग जुळविण्याची 'दा विंची' ही व्यवस्था एके काळीं लाखों डॉलरांना मिळे. २००९ सालीं ती ब्लॅकमॅजिक कंपनीकडे आली; २०१० सालीं तिची आज्ञावली ९९५ डॉलरांस, आणि २०११ पासून तिची एक आवृत्ति मोफत मिळूं लागली. २०१७ सालीं आठ गाभ्यांचा 'रायझेन ७ १७००' हा प्रोसेसर ३२९ डॉलरांस निघाला. प्रतिस्पर्ध्याचा आठ गाभ्यांचा प्रोसेसर तेव्हां हजार डॉलरांहून महाग होता.

या सर्व इतिहासाचें तात्पर्य काय? सर्वांत बलाढ्य यंत्र कोणतें, हा प्रश्नच मुळीं चुकीचा आहे. कॅमेरा चित्र कोणत्या पद्धतीनें आवळतो, हें प्रथम पाहावें. प्रोसेसरांत वा कार्डांत ती पद्धति उलगडण्याचें मंडल आहे कीं नाहीं, हें दुकानांत पाऊल टाकण्यापूर्वीं जाणून घ्यावें. स्मृति पुरेशी घ्यावी आणि पुढें वाढवितां येईल अशी जागा ठेवावी. आज्ञावलीसाठीं जलद सॉलिड-स्टेट डिस्क व चित्रणासाठीं निराळी डिस्क ठेवावी. रंगांची व दृश्यपरिणामांची फार कारागिरी नसेल तर कार्ड मध्यम चालतें. आणि इतकें करूनहि यंत्र अडखळलेंच, तर मर्चप्रमाणें हलक्या प्रतीवर काम करून शेवटीं मूळ चित्रण जोडावें; ही युक्ति फुकट आहे आणि आजच्या बहुतेक आज्ञावल्यांत ती आयती मिळते. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण कंजूषपणाची नव्हे. अंथरूण कोठें तोकडें आहे तें आधीं पाहावें, असें ती सांगते.

एका खर्चांत मात्र काटकसर करूं नये. 'राजा हरिश्चंद्र' हा चार रिळांचा चित्रपट; त्याचीं पहिलें व शेवटचें अशीं दोनच रिळें आज शिल्लक असल्याचें मानतात. सरस्वतीबाईंनीं अंधारांत बसून ज्या फितीला भोकें पाडलीं, तिचा मधला भाग कायमचा गेला. कॅमेरा दुसरा मिळतो, संगणक दुसरा मिळतो. आजीच्या तोंडची ओवी, गांवची पालखी, मुलीचें पहिलें पाऊल हीं पुन्हां टिपतां येत नाहींत. म्हणून यंत्राचें बळ एका पायरीनें कमी पडलें तरी चालेल, पण त्या वांचलेल्या पैशांतून चित्रणाची दुसरी प्रत ठेवणारी एक डिस्क घ्यावी, आणि ती दुसऱ्या घरीं ठेवावी.