चट्टा आणि कोयता

दिवाळी उलटली की श्रीरामपूर तालुक्यात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. अशोकनगरच्या कारखान्यासाठी ऊस तोडायला पाथर्डी, जामखेड, बीडकडची माणसं कोयते, भांडीकुंडी आणि लेकरं घेऊन येतात. भंडारदरा धरण 1926 साली पूर्ण झालं, प्रवरेच्या कालव्यांनी इकडची जमीन हिरवी केली आणि जिल्ह्याचा कोरडा दक्षिण भाग पोटासाठी उत्तरेला येऊ लागला. कुष्ठरोगाकडे बघण्याची नजर कशी बदलली हे समजून घ्यायचं तर मात्र उलट्या वाटेने जामखेड गाठावं लागतं.

जामखेडच्या कामाआधीची रीत एकच होती: रोगी वेशीबाहेर. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ यांनी 1890 मध्ये माटुंग्याला कुष्ठाश्रम उभारला. 1898 च्या कायद्याने भीक मागणाऱ्या रुग्णांना पकडून डांबण्याची मुभाच दिली, आणि तो कायदा 2016 पर्यंत पुस्तकात राहिला. पुढे दत्तपूर, तपोवन, आनंदवन अशा कुष्ठरुग्णांच्या वसाहती झाल्या. तिथे रुग्णाला काम मिळालं, मान मिळाला. पण गाव सुटलं ते सुटलंच.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केलं, तेव्हा कुष्ठरोग्याला वेगळं काढायचं नाही असं ठरवलं. इतर आजाऱ्यांची जी रांग, तीच त्याची. खरी उलथापालथ गावात झाली. आरोग्याचं काम गावातल्याच बायकांना शिकवलं गेलं. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित. बोअर घ्यायचे तेही दलित वस्तीत, म्हणजे पाण्यासाठी सगळं गाव तिथे येईल. ज्यांची सावली गावाला चालत नव्हती, त्यांच्याच हाती गावाने आपली दुखणी दिली. एवढा धूर्त डाव सरकारी योजनेला कधी सुचला असता का, शंकाच आहे.

कुष्ठरोगाचा चट्टा शोधणं तसं सोपं. रुग्णाला डोळे मिटायला सांगायचं, बॉलपेनचं टोक त्वचेला हलकेच टेकवायचं आणि कुठे टेकलं ते बोटाने दाखवायला लावायचं. चट्ट्यावरचा स्पर्श कळलाच नाही, तर संशय पक्का. पण चट्टा पाठीवर किंवा मांडीवर असला तर बाई तो परक्या पुरुषाला दाखवणार नाही. शेजारच्या कार्यकर्तीला दाखवेल, तेही चुलीपाशी बसून बोलता बोलता.

पूर्वी डॅप्सोन हे औषध वर्षानुवर्षं घ्यावं लागे. 1982 नंतर बहुविध औषधोपचार आला आणि पुढे मुदत सहा किंवा बारा महिन्यांवर आली. डिसेंबर 2005 मध्ये देशातलं प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली गेलं, निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. नवे रुग्ण मात्र सापडतच राहिले.

आणि इथे पुन्हा ऊस आडवा येतो. पावसाळ्यात गावी सुरू झालेला बारा महिन्यांचा औषधोपचार हंगामात कोपीवर, म्हणजे तोडणी मजुराच्या झोपडीवर येतो. तपासणीला कोणी दिवसा गेलं तर टोळी फडात. कोप्यांत म्हातारी माणसं आणि लेकरं. अलीकडे रुग्णाच्या सहवासातल्यांना रिफॅम्पिसिनचा एकच प्रतिबंधक डोस देतात, पण त्यासाठी आधी रुग्णाची संमती लागते. शेजाऱ्याला गोळी द्यायची म्हणजे कोणामुळे, हे कळण्याचा धोका आलाच. मुकादमाची उचल अंगावर असलेल्या मजुराला हा होकार देणं जड जातं, कारण नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि मुकादमाने तो टोळीतून काढला तर हंगामच हातचा जातो.