तारेत विणलेल्या आज्ञा



सकाळी दूध घालायला गेलात, म्हणजे डेअरीवरच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर आकडे उमटतात. त्या काट्याच्या पोटात एक सर्किट बोर्ड असतो, बोर्डावर चिप असते आणि वजन कसे काढायचे हे सांगणारा प्रोग्रॅम त्या चिपमध्ये भरलेला असतो. असे काटे कारखान्यात हजारोंनी तयार होतात. मग इतक्या चिपांत या आज्ञा भरायच्या कशा, आणि त्याही थोड्या वेळात? त्याचीच ही हकीकत.

१९६९ साली माणूस चंद्रावर उतरला, तेव्हा यानात एक लहानसा संगणक होता. अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेच्या प्रयोगशाळेने तो आखला आणि रेथिऑन कंपनीने बनवला. त्याच्या कायमच्या स्मृतीत ३६,८६४ 'शब्द' होते. शब्द म्हणजे एक आणि शून्य यांचे १६-१६ अंकांचे गट. हे शब्द लिहिले कसे? चक्क विणले! चुंबकीय कडीतून तार ओवली की एक, बाहेरून नेली की शून्य. कारखान्यातल्या स्त्रिया सुईने ही तार ओवीत. सुई कोठे घालायची ते छिद्रांच्या पट्टीवर चालणारे यंत्र दाखवी. कामाला कित्येक आठवडे लागत. एकदा वीण पुरी झाली, की आज्ञा बदलणे महाकठीण. म्हणून आधी तपासणी आणि नंतरही तपासणी!

चांद्रयानाला हे चालले. बाजारच्या मालाला कसे परवडावे? १९७१ साली इंटेल कंपनीच्या डोव्ह फ्रोहमान यांची चिप आली. तिच्यात विजेने लिहायचे आणि अतिनील प्रकाशाने पुसायचे. पुढे १९८४ साली जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी 'फ्लॅश' स्मृती जगापुढे मांडली. तिच्यातला मजकूर विजेनेच, एकेक गठ्ठा करून झटपट पुसता येतो.

याचा फायदा काय झाला? पूर्वी बहुधा चिप आधी भरून मग बोर्डावर बसवीत. प्रोग्रॅम बदलला, की भरून ठेवलेला माल अडून राही. आता कोरी चिप आधी डाखायची आणि बोर्ड तयार झाल्यावर आज्ञा भरायच्या. त्यासाठी बोर्डावर ठरावीक जागा ठेवतात; तिथे स्प्रिंगच्या टाचण्या टेकल्या, की काम सुरू.

शिक्षक मित्रांनी हे गणित वर्गात जरूर घालावे. एका बोर्डाला ३० सेकंद लागतात असे धरा. एकामागून एक हजार बोर्डांना ८ तास २० मिनिटे लागतील. तेच आठ-आठ बोर्ड एकदम भरले, तर एक तास अडीच मिनिटांत काम आटोपते!

पण बरं का मंडळी, घाईची एक मर्यादा आहे. प्रोग्रॅम सर्वांना एकच. मात्र वजन जोखणारा भाग प्रत्येक काट्यात किंचित वेगळा निघतो. म्हणून प्रमाणित वजन ठेवून प्रत्येकाचा दुरुस्तीचा आकडा वेगळा भरावा लागतो आणि लिहिलेले पुन्हा वाचून ताडून पाहावे लागते. ही पायरी गाळली, तर बोर्ड लवकर सुटतील खरे. पण एकच चूक हजार काट्यांत जाईल आणि दुधाचे पैसे कमी पडतील ते तुमच्या-आमच्या घरात. सुई गेली, टाचण्या आल्या. पडताळा मात्र तेव्हाही करावा लागे आणि आजही करावा लागतो.