दुपट्याची लव

थंडी पडू लागली की आपल्या घरांतल्या पेट्यांतून फ्लॅनेलची दुपटी बाहेर निघतात. झबले, टोपडे, दुपटे, सारे याच कापडाचे. थोरल्याचे धाकट्याला, धाकट्याचे भाच्याला, आणि अगदीच विरले की शिलाई मशीन पुसायला. आपण त्याला फ्लॅनेल म्हणतो खरे, पण अस्सल फ्लॅनेल लोकरीचे असते. हे सुती; इंग्रजीत त्याला फ्लॅनेलेट असे वेगळे नाव आहे. हा फरक नुसत्या नावाचा नाही. त्यापायी इंग्लंडातली कितीतरी गरिबांची मुले भाजून मेली.

मालेगाव-भिवंडीच्या आपल्या विणकरांना या कापडाची घडण लगेच कळेल. ताणा घट्ट पिळाचा, बाणा जाड आणि सैल पिळाचा. विणलेले कापड मग बारीक तारांचे दाते बसवलेल्या रुळांवरून फिरवतात. दाते बाण्यातले तंतू उपसून वर काढतात; तीच लव. लवेत हवा अडकते, म्हणून ऊब मिळते. पण कापसाच्या त्या सुट्या तंतूंना ठिणगी लागली, तर तीच हवा आगीला खाद्य पुरवते आणि ज्वाळा कापडावरून सरसर धावत जाते. लोकर अशी भडकत नाही, ती करपते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लँकेशायरच्या गिरण्यांनी हे कापड स्वस्तात बाजारात आणले. लोकर न परवडणाऱ्या कामगार आयांनी ते आनंदाने घेतले. पोराला ऊब हवी होती आणि हातात पैसे थोडे होते, यात त्यांचे काय चुकले? घरात उघडी शेकोटी, अंगात सैल झगा. मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कॉरोनरांपुढे अशी प्रकरणे पुन्हा पुन्हा येऊ लागली.

कायदा आला तो १९०८ साली, आणि त्याने आधी धरले आईबापांना. सात वर्षांखालील मूल जाळी नसलेल्या शेकोटीपाशी सोडले आणि ते दगावले किंवा गंभीर भाजले, तर १० पौंडांपर्यंत दंड. कापड विकणाऱ्याचे त्यात नावही नव्हते. (आपल्याकडेही स्टोव्हचा भडका उडाला की ‘निष्काळजीपणा’ हा शब्द किती चटकन येतो!)

उपाय नव्हता असेही नाही. जांभळ्या कृत्रिम रंगाचा शोध लावणाऱ्या पर्किन यांचे चिरंजीव, मँचेस्टरचे प्राध्यापक विल्यम हेन्री पर्किन, यांनी कथिलाच्या क्षारात कापड भिजवून, वाळवून, मग अमोनियम सल्फेटमधून काढण्याची रीत बसवली. धुतल्यावरही हा गुण जात नसे. ‘नॉन-फ्लॅम’ नावाने ते कापड विकलेही गेले. पण सक्ती कोणी केली नाही. १९१० साली सरकारी चौकशी झाली, १९१३ साली कायदा झाला, तो इतकाच की न पेटणारे म्हणून विकायचे असेल तर ते ठरल्या कसोटीला उतरले पाहिजे. काहीच न सांगता पेटणारे कापड विकायला मोकळीक राहिली. मुलींच्या झोपायच्या झग्यांसाठी ब्रिटनमध्ये सक्तीचे नियम आले ते १९६४ साली.

अमेरिकेत आणखीच निराळे झाले. मुलांच्या रात्रीच्या कपड्यांवर १९७०च्या दशकात नियम आले. ते पाळण्यासाठी कपड्यांत ट्रिस नावाचे रसायन वापरले गेले आणि त्याने कर्करोगाचा धोका असल्याचे दिसताच १९७७ साली त्यावर बंदी घालावी लागली. १९९६ साली तिथे अंगाबरोबर बसणाऱ्या सुती कपड्यांना सूट मिळाली, कारण घट्ट कपडा सैल झग्यासारखा विस्तवाकडे झेपावत नाही आणि त्याच्या आत हवाही कमी राहते.

आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत चाळीस दिवस शेगडी असते. निखाऱ्यांवर ओवा टाकून बाळाला शेक देतात आणि शेकून झाले की त्याच शेगडीशेजारी त्याला दुपट्यात गुंडाळतात. दुकानात आपण कापड बोटांत चोळून पाहतो, रंग जाईल का, आटेल का, विचारतो. दुकानदारही हसून सांगतो, ‘बिनघोर न्या, ताई.’ हे पेटते किती लवकर, हे मात्र आम्ही कधी विचारलेले नाही.