ओळखपत्राच्या आधीची ओळख : सोलापूरच्या विडी कामगार बायका



धंद्यात पुढे जायचं तर ओळखी पाहिजेत, असं सगळेच म्हणतात. पण ओळख म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे साहेब येतो, पुढारी येतो. वशिला येतो. एकच काम करणाऱ्या दोन बायकांची आपसातली ओळख आपण मोजतच नाही. तिची किंमत किती असते, हे आपल्याच सोलापूरच्या इतिहासात सापडतं. आज तीच गोष्ट सांगते.

सोलापूर म्हणजे गिरण्यांचं आणि मागाचं गाव. पहिली कापडगिरणी इथे 1877 साली निघाली. तिलाच लोक जुनी मिल म्हणतात. तेलंगणातल्या गावांतून पद्मशाली विणकर इथे आले आणि पूर्वभागात वसले. पुरुष गिरणीत, मागावर. त्यांच्या बायका काय करत? मुलं सांभाळत, सैपाक करत आणि उरलेल्या वेळात विड्या वळत. उरलेल्या वेळात म्हणायचं खरं, पण हजार विड्या वळायला सगळा दिवस मोडतो. गिरण्या बंद पडू लागल्या, मागावरचं काम कमी-जास्त होऊ लागलं, तेव्हा कित्येक घरांची चूल या उरलेल्या वेळावरच पेटली.

हे काम कसं चालतं ते बघा. बाई कारखान्यातून तेंदूची पानं आणि तंबाखू मोजून घरी आणते. पानं भिजवते, ओल्या फडक्यात ठेवते, मापाचा पत्रा लावून कात्रीने कापते. मांडीवर सूप घेऊन वळायला बसते. पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधते आणि कारखान्यात नेऊन देते. तिथे तपासणारा विड्या चाळतो. पसंत पडल्या नाहीत त्या बाजूला काढतो. तिला म्हणतात छाट. छाटेचे पैसे मिळत नाहीत. पान खराब निघालं तरी तोटा बाईचाच.

आता या बाईची अडचण काय? मजुरी कमी, मान-पाठ धरलेली, तंबाखूची धूळ नाकातोंडात, हे सगळं आहेच. पण त्याहून मोठी अडचण म्हणजे ती एकटी. कारखान्यातल्या कामगाराला शेजारच्या मशीनवरचा सोबती असतो. घरी वळणारीला काय कळणार, की शेजारच्या गल्लीतल्या बाईची छाट किती पडते, तिला हजारी काय दर मिळतो? मालकाला विचारायला गेली, तर उत्तर ठरलेलं : पटत असेल तर कर, दुसऱ्या बायका आहेत. शिवाय वर ऐकायचं, की तू आमची कामगारच नाहीस, घरी बसून करतेस.

या शेवटच्या वाक्यावरच पुढची लढाई झाली.

विडी कामगारांसाठी देशाचा कायदा 1966 साली झाला. त्यात कच्चा माल घेऊन घरी विड्या करणारी बाईसुद्धा कामगार धरली. मालक मंडळी कोर्टात गेली. 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा कायम ठेवला. 1976 साली विडी कामगार कल्याण निधीचा कायदा आला. उपकर बसवायचा आणि त्या पैशातून कामगारांना दवाखाना, मुलांना शिष्यवृत्ती, घरासाठी मदत द्यायची, अशी ती सोय होती. पुढे प्रॉव्हिडंट फंडाचा प्रश्न निघाला. घरी काम करणारीवर मालकाची देखरेख कुठे असते, मग फंड कशाला, असं मालकांचं म्हणणं. 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, विडी नापसंत करण्याचा हक्क मालकाकडे आहे, हीच देखरेख. म्हणजे बघा, ज्या छाटेने बायका रडकुंडीला यायच्या, तीच छाट त्या कामगार असल्याचा पुरावा ठरली.

पण कायदा दिल्लीत झाला म्हणून तो सोलापूरच्या गल्लीत आपोआप पोचत नाही. दवाखाना पाहिजे तर ओळखपत्र पाहिजे. ओळखपत्र पाहिजे तर ही बाई आमच्याकडे विड्या वळते अशी कारखान्याची नोंद पाहिजे. नोंद मागायची तर तोंड उघडायला पाहिजे. एकटीने तोंड उघडलं तर उद्या पान-तंबाखू बंद होण्याची भीती.

इथे ओळख कामाला येते. रोज माल द्यायला-घ्यायला बायका कारखान्यात रांगेत उभ्या राहतात. ही रांग म्हणजेच त्यांची बैठक. कुणाची छाट किती, कुणाचं कार्ड झालं, फॉर्म कुठे मिळतो, कोणता कागद लागतो, हे रांगेत कळतं. एकीचं काम झालं की ती दुसरीला वाट दाखवते. लिहिता-वाचता येणारी चार जणींचे फॉर्म भरते. शहरात विडी कामगारांच्या युनियन झाल्या. त्यातली लाल बावटा युनियन आणि तिचे नेते नरसय्या आडम, सगळे त्यांना आडम मास्तर म्हणतात, यांचं नाव पुढच्या गोष्टीत येतं. पण मोर्चाला माणूस नेता गोळा करत नाही. अमकी अक्का येते म्हणून तमकी येते. मोर्चा ओळखीवर उभा राहतो.

पुढची गोष्ट घराची. पूर्वभागातल्या खोल्या एवढ्याशा. त्यातच चूल, त्यातच मुलं, त्यातच तंबाखूचं सूप. बायकांनी घर मागितलं. एकटीला घर कोण देणार? म्हणून सहकारी गृहनिर्माण संस्था केली आणि तिला नाव दिलं कॉम्रेड गोदूताई परुळेकरांचं. गोदूताई जन्मल्या 1907 साली. वकिलीची पदवी घेतलेल्या, वारली आदिवासींबरोबर 1945 साली वेठबिगारीविरुद्ध उभ्या राहिलेल्या. शहरालगत कुंभारी इथे या संस्थेची दहा हजार घरं उभी राहिली. पैसा तीन ठिकाणचा : केंद्र सरकारचा, राज्य सरकारचा आणि तिसरा वाटा कामगार बाईचा स्वतःचा. 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती घरं दिली गेली.

त्याच वाटेने पुढे तीस हजार घरांचा रे नगर प्रकल्प आला. त्यात विडीवाल्यांच्या जोडीला यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे, ड्रायव्हर असे असंघटित कामगार आले. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी 9 जानेवारी 2019 ला पायाभरणी केली आणि 19 जानेवारी 2024 ला पंधरा हजार घरं लोकांच्या हाती दिली. मधल्या काळात सरकारं बदलली, पक्ष बदलले. बायकांची यादी मात्र टिकली. टिकाऊ ओळखीची खूण हीच.

सगळं गोड झालं असं मी म्हणत नाही. विडीची मजुरी अजूनही कष्टाच्या मानाने थोडी आहे. तंबाखूचा त्रास आहेच. मुलीने पुन्हा सूप मांडीवर घेऊ नये असंच आईला वाटतं. ओळखीने काम बदललं नाही. पण काम करणारीला नाव मिळालं, कागद मिळाला, दार लावता येईल असं घर मिळालं.

घरी बसून काम करणाऱ्या बाईचा हा प्रश्न जगभर आहे. शेजारच्या गुजरातेत इला भट्ट यांनी 1972 साली सेवा ही संघटना अशाच बायकांसाठी काढली. 1996 साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांसाठी म्हणजे घरी माल बनवणाऱ्यांसाठी वेगळा करार केला. त्याच्या मुळाशीही गल्लीतल्या बायकांची रांगच आहे.

मग आपल्या गटाने यातून काय घ्यायचं? आपल्यातली कुणी शेंगाचटणी करते, कुणी कडक भाकरी, कुणी शेवया, कुणी कापड शिवते. एकमेकींना दर सांगा. व्यापारी प्रत्येकीला वेगळा दर देतो तो आपण बोलत नाही म्हणून. शेजारच्या गावच्या गटाशी ओळख ठेवा, कारण गिऱ्हाईक त्यांच्याकडून येतं आणि आपला जास्तीचा माल त्यांच्याकडे जातो. आपल्यापेक्षा दोन पावलं पुढे गेलेली एक तरी बाई ओळखीची असू द्या, परवाना कसा काढायचा ते तिला माहीत असतं. आणि काम केल्याची नोंद ठेवा. किती माल दिला, कधी दिला, किती पैसे आले. वहीतली ही ओळच उद्या आपली साक्ष होते.

आणि आपलं काम झालं की मागे वळून बघा. रांगेत अजून कुणीतरी उभी असते, तिला फॉर्म कुठे मिळतो ते सांगून मगच घरी जा.