आत्मसन्मान, किशोरवयातील : आईवडील आणि मित्रमैत्रिणी (नवी मुंबईच्या संदर्भात)

स्वतःच्या योग्यतेविषयी माणसाच्या मनात असलेली एकंदर भावना म्हणजे आत्मसन्मान. गुण, रूप, पैसा यांचा तिच्याशी संबंध येतोच. पण दहा ते एकोणीस या वयात तिची जडणघडण मुख्यतः घरात आणि मित्रांत होते.

अभ्यास : मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १८९० मध्ये या भावनेची प्रथम शास्त्रीय मांडणी केली. आपण स्वतःला इतरांच्या नजरेच्या आरशात पाहतो, असे समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूलीने १९०२ मध्ये म्हटले. पुढचे मोठे काम समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्गचे. न्यूयॉर्क राज्यातील पाच हजारांहून अधिक शाळकरी मुलामुलींची त्याने पाहणी केली. १९६५ च्या त्याच्या ग्रंथातील दहा विधानांची मोजपट्टी आजही जगभर वापरली जाते. मात्र त्याच्या कामाचे खरे मोल त्याने विचारलेल्या साध्या प्रश्नांत आहे. तू दहा-अकरा वर्षांचा असताना तुझे मित्र आईला ठाऊक होते का? प्रगतिपुस्तक पाहून घरचे काय म्हणत? जेवताना तुझे बोलणे कोणी ऐकत असे का? रागावणाऱ्या पालकांपेक्षा दखलच न घेणाऱ्या पालकांच्या मुलांचा आत्मसन्मान अधिक खालावलेला दिसला. पालकांनी हा निष्कर्ष जरूर लक्षात ठेवावा.

मिशेल हॅरिस आणि उलरिच ऑर्थ या संशोधकांनी ५२ अभ्यास आणि ४७,००० हून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र तपासली. चांगल्या नात्यांनी आत्मसन्मान वाढतो आणि वाढलेला आत्मसन्मान नाती सुधारतो, असा दुहेरी परिणाम त्यांना आढळला.

मुली व मुलगे : या वयात मुलींचा आत्मसन्मान सरासरीने किंचित कमी आढळतो.

नवी मुंबई : हे शहर उभारणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर ते वसवण्यात आले. जुनी गावठाणे आणि नवे सेक्टर शेजारी-शेजारी असल्यामुळे येथे बालपणेही एकाच तऱ्हेची नाहीत. आगरी-कोळी गावठाणांत आजी, काका, चुलत भावंडे हाकेच्या अंतरावर असतात. आईवडील कामात असले तरी विचारपूस करणारे कोणी ना कोणी भेटते. सेक्टरांतील इमारतींत दोघेही पालक हार्बर किंवा ट्रान्स-हार्बर लोकलने कामाला जातात आणि दिवेलागणीनंतर परततात. कोपरखैरणे, घणसोलीतल्या माथाडी कामगारांच्या कुटुंबांत वडिलांचा दिवस तुर्भ्याच्या बाजार समितीच्या वेळापत्रकावर चालतो.

दहावीपर्यंत मित्र बहुधा जवळपासचेच असतात. एकमेकांच्या घरी जेवणारी ही मुले आयांना नावानिशी ठाऊक असतात. अकरावीला हे चित्र बदलते. मुंबई महानगर क्षेत्रात २००९ पासून अकरावीचे प्रवेश ऑनलाइन गुणक्रमाने होऊ लागले. एकाच बाकावरची मुले वाशी, पनवेल, ठाणे अशी विखुरली जातात. त्यात क्लासचे तास वाढतात. जुना आधार सुटतो आणि नवे मित्र घरच्यांना ठाऊक नसतात. रोझेनबर्गचा मित्रांविषयीचा प्रश्न येथल्या घरांत विचारायचा, तर सोळाव्या वर्षीच विचारायला हवा.

मराठीतील लेखन व संस्था : पालकांसाठी मराठीत बरेच लेखन झाले आहे. पुण्यातून १९८७ पासून निघणारे ‘पालकनीती’ मासिक आणि शोभा भागवत यांचे ‘आपली मुलं’ यांनी धाक आणि धपाट्यांऐवजी संवादाची बाजू लावून धरली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेचा ‘वेध’ उपक्रम थेट तरुणांशी बोलतो. मैत्रीचे बारकावे मात्र ललित लेखनात अधिक सापडतात. मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’ (२००४) या कादंबरीतील नववीची मुले आणीबाणीच्या काळात स्वतःची किंमत एकमेकांच्या नजरेत शोधतात.

मतभेद : पालकांपेक्षा सवंगड्यांचाच प्रभाव मोठा, हे ज्यूडिथ रिच हॅरिस यांचे १९९८ मधील प्रतिपादन वादग्रस्त ठरले. आत्मसन्मान वाढवल्याने गुणही वाढतात, या समजाला रॉय बाउमाइस्टर व सहकाऱ्यांच्या २००३ च्या आढाव्यात आधार मिळाला नाही.

मदत : केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६ असून मराठीतही बोलता येते. संकटातील बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.