पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग : नांदेड व लातूर

जी.एन.एम. (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) पदविका घेऊन परिचर्या परिषदेकडे नोंदणी झालेल्या परिचारक-परिचारिकांसाठीचा दोन वर्षांचा पूर्णवेळ पदवी अभ्यासक्रम. बोलण्यात ‘पोस्ट बेसिक’. बारावीनंतर थेट प्रवेशाच्या चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगहून तो वेगळा आहे. आराखडा भारतीय परिचर्या परिषदेचा (अधिनियम १९४७); महाराष्ट्रात परीक्षा व पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची (स्थापना १९९८).

पूर्वपीठिका : भारतात परिचर्येचे पदवी शिक्षण १९४६ मध्ये दिल्ली व वेल्लोर येथे सुरू झाले. नोंदणीकृत परिचारिकांसाठीची दोन वर्षांची पदवी १९६३ मध्ये त्रिवेंद्रमला आली. नोकरी न सोडता शिकू पाहणाऱ्यांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने १९९४ मध्ये किमान तीन वर्षांचा दूरशिक्षणाचा पर्याय आणला.

अभ्यासक्रम : पहिल्या वर्षी सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायन, आहारशास्त्र, मानसशास्त्र, माता व बालआरोग्य परिचर्या इ. विषय, दुसऱ्या वर्षी सामुदायिक व मानसिक आरोग्य परिचर्या, अध्यापन, प्रशासन, संशोधन व संख्याशास्त्र. खरा कस लागतो तो परिचर्या आराखडा लिहिताना. वॉर्डात वर्षानुवर्षे काम केलेली सिस्टर पाळी बदलताना चार वाक्यांत अचूक ‘ओव्हर’ (रुग्णाची माहिती पुढच्या पाळीकडे सोपवणे) देते. आता तिला त्याच रुग्णाचे निरीक्षण, परिचर्या निदान, उद्दिष्ट, कृती, कृतीमागचे शास्त्रीय कारण व मूल्यमापन रकान्यांत मांडावे लागते. कणा दुखावलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलणे तिच्या अंगवळणी पडलेले असते. माकडहाडावरील दाब, त्वचेचा ओलावा व प्रथिनांची कमतरता यांचा शय्याव्रणाशी असलेला संबंध ती येथे लिहून सिद्ध करते. हाताला आलेले ज्ञान दुसऱ्याला शिकवण्याजोगे होणे, हे या पदवीचे सर्वांत मोठे मोल होय.

नांदेड : येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ मध्ये सुरू झाले, आज ते डॉ. शंकरराव चव्हाण यांच्या नावाने विष्णुपुरीत आहे. अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. कारणांबाबत मतभेद आहेत. मनुष्यबळाचा प्रश्न मात्र त्या निमित्ताने ऐरणीवर आला. मनुष्यबळ अपुरे असेल तेथे एका परिचारिकेची दोन वर्षांची रजाही उरलेल्यांच्या पाळ्यांवर येते. म्हणून शिकायला जाणाऱ्यांच्या जागी बदली मनुष्यबळ देणे ही शिक्षणाचीच अट मानली पाहिजे.

लातूर : विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था (२००२) हे शासकीय अध्यापन रुग्णालय.

अध्ययन रजा : महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये तरतूद आहे.

पुढील वाटा : एम.एस्सी. नर्सिंग व त्यातून परिचर्या महाविद्यालयातील अध्यापन. अधिपरिचारिकेपासून परिसेविका व अधिसेविकेपर्यंतच्या पदोन्नतीत पदवीचे वजन सेवाप्रवेश नियमांवर अवलंबून असते.